मुकं व्हायोलिन

माझे सासरे घरात सगळ्यांत कमी बोलतात आणि सगळ्यांत मोठ्यानं बोलतात. "मीठ दे" एवढंच म्हणतात, पण ते शेजारच्या बिऱ्हाडातही ऐकू जातं. एकदा तर शेजारीण खरंच वाटीत मीठ घेऊन आली होती. लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिले पंधरा दिवस मला वाटत होतं, मी सारखी काहीतरी चुकते आहे आणि हा माणूस माझ्यावर खेकसतो आहे. मग कळलं की बाबा अडतीस वर्षं कापडाच्या कारखान्यात माग चालवत आले होते. एका छपराखाली दोनशे माग, आणि ते सगळे एकदम सुरू. तिथे साधं बोललेलं कुणाच्या बापाला ऐकू जायचं नाही.

सासूबाईही तिथल्याच. त्यांचे चार माग बाबांच्या समोरच्या रांगेत होते. "माझा धागा तुटायचा आणि लक्ष ह्यांचं उडायचं," असं त्या सांगतात. बाबा म्हणतात, "हिचा धागा दिवसातून चाळीसदा तुटायचा. मुद्दाम तोडायची." खरं खोटं त्या मागांना ठाऊक. त्यांचं लग्न जमलं ते मात्र एक शब्दही कानावर न पडता. त्या कारखान्यात सगळेच ओठांनी बोलायचे. आवाज काढायचा नाही, फक्त ओठ ठळक हलवायचे, आणि समोरच्यानं ते वाचायचे. पार छपराच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाशीही अशा गप्पा व्हायच्या, भांडणंही व्हायची.

आमच्या घरात ती भाषा अजून चालते. विशेषतः जेवताना, सुनेला कळू द्यायचं नसेल तेव्हा. गंमत म्हणजे तोंडानं सासूबाई त्यांना "अहो" म्हणतात आणि ओठांनी "अरे". कारण ओठांची ओळख लग्नाच्या आधीची. वर्षभरात मी ती भाषा शिकले आणि कुणालाही सांगितलं नाही. खरं तर माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मी टपाल कचेरीत खिडकीवर बसते, दिवसभर बोलणं हाच माझा धंदा. पण ही एक गोष्ट मी पोटात ठेवली, कारण तिच्यात फायदा होता. सासूबाई ओठांनी म्हणाल्या, "हिचा चहा म्हणजे नुसतं गरम पाणी," की दुसऱ्या दिवशी मी एक चमचा पत्ती जास्त टाकायची. त्यांना वाटायचं, पोरगी आपल्याआपण सुधारते आहे.

तर बाबा निवृत्त झाले आणि तिसऱ्या दिवशी एक जुनं व्हायोलिन काखेत मारून घरी आले. कुणाला काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. "कशाला हे?" असं सासूबाईंनी विचारलं तर म्हणाले, "हात रिकामे बसत नाहीत." ते खरंच होतं. नुसते बसले असले तरी त्यांची बोटं मांडीवर तुटलेल्या धाग्याला गाठ मारत असायची.

पुढची दोन वर्षं आम्ही काय सोसलं ते आमचं आम्हाला माहीत. पण मास्तर चांगले भेटले. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेला हा माणूस, कडक पण मनानं सरळ. तिसऱ्या वर्षी एका दुपारी मी भांडी घासत होते आणि आतल्या खोलीतून काहीतरी आलं. मी नळ बंद केला. हात ओले तसेच धरून उभी राहिले. आमच्याच घरात कुणीतरी गात होतं असं वाटलं. त्या दिवसापासून मी बाबांच्या बाजूची झाले.

नऊ वर्षं झाली त्याला. दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या मोठ्या खोलीत मास्तरांचा अकरा वादकांचा गट जमतो. कुणी शिंपी, कुणी दाताचा डॉक्टर, एक जाडजूड बाई मोठं वाद्य गुडघ्यांत धरून बसते. बाबा दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरे. शनिवारी दुपारपासून त्यांची तयारी सुरू होते. पँटला इस्त्री स्वतः करतात, दुसऱ्याच्या इस्त्रीवर त्यांचा विश्वास नाही. आठवडाभर हा माणूस आमच्यात असतो, पण जगतो रविवारसाठी. मी हे कौतुकानं सांगते आहे, तक्रार नाही.

या वर्षी त्या जुन्या व्हायोलिनची पुढची फळी तडकली आणि मान वर उचलली गेली. दुरुस्ती करणाऱ्यानं जी रक्कम सांगितली ती ऐकून बाबा म्हणाले, "नाकापेक्षा मोती जड." नवीन घ्यायचं ठरलं. दोन वर्षं वर्तमानपत्र बंद करून, बसऐवजी पायी जाऊन त्यांनी एक पाकीट भरलं होतं, तेवढ्यातच बसवायचं. पाकिटाबाहेर एक पैसाही जाणार नाही, असं त्यांनी स्वतःलाच बजावलं होतं आणि आम्हाला ते ऐकू आलं होतं.

त्याच आठवड्यात मास्तर माझ्या खिडकीवर तिकिटं घ्यायला आले. मागे रांग नव्हती. तिकिटं जिभेला लावता लावता म्हणाले, "तुमच्या सासऱ्यांची वरची तार फार कर्कश लागते. सगळ्या गटावरून सुरी फिरते. वाद्याचा दोष असेल तर नवीन आल्यावर कळेलच. नसेल, तर मला त्यांना थांबायला सांगावं लागेल. माझ्याच्यानं सांगवणार नाही, पण सांगावं लागेल."

मी "बरं" म्हणाले. माझ्यासारखी बाई नुसतं "बरं" म्हणते तेव्हा ओळखावं की काहीतरी बिनसलं आहे. कारण दोष वाद्याचा नव्हता, आणि ते मला ठाऊक होतं. बाबांचे कान गेले होते. पूर्ण नाही, उंच आवाजांपुरते. दाराची घंटा, किटलीची शिट्टी, चिमण्या, असलं बारीक आणि उंच काहीही त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. मागांनी तेवढं कायमचं घेतलं होतं. वरची तार त्यांना लांबून आल्यासारखी ऐकू यायची, म्हणून ते तारेवरचा गज दाबायचे. जितकी ऐकू येईना तितकं जास्त दाबायचे.

सासूबाईंनी मला फार पूर्वीच सांगून ठेवलं होतं, "त्यांना बोलू नकोस. डोळे अधू झाले, गुडघे गेले, ते चालतं त्यांना. कान गेले म्हटलं की व्हायोलिन ठेवून देतील." मग सात वर्षं आम्ही दोघींनी मिळून नाटक केलं. घंटा वाजली की मी मोठ्यानं म्हणायची, "कुणीतरी आलं वाटतं!" आणि बाबा म्हणायचे, "हो, मीही ऐकलं."

शनिवारी दुपारी जुनं व्हायोलिन पेटीत घालून आम्ही तिघं निघालो. वाद्यांचं दुकान एका कुलूपवाल्याच्या वर होतं. जिना इतका अरुंद की सासूबाई म्हणाल्या, "इथून मोठं वाद्य नेतात कसं?" तर बाबा म्हणाले, "म्हणूनच छोटं घेतोय." वर एक लांबट खोली. भिंतीवर व्हायोलिनं मानेला टांगलेली, खाली रंधा, कानशी, सरसाचं भांडं. दुकानाची मालकीण साठीतली, चष्मा गळ्यात लोंबणारा, बोटांना वाळलेला सरस. बाबांनी पाकिटातला आकडा सांगितला. त्यांच्या आवाजात सांगितला, म्हणजे खालच्या कुलूपवाल्यालाही कळला. बाईच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "यात चार दाखवते," म्हणाली आणि चार काढून टेबलावर ठेवली. मला ती बाई तिथेच आवडली.

पहिलं नाकात बोललं. दुसऱ्याची खुंटी पिळली की तार घसरायची. तिसरं दिसायला देखणं, लालभडक, चकचकीत. बाबांनी ते हनुवटीखाली धरलं आणि वरच्या तारेवर गज ओढला. दुकानातली मांजर उठून कपाटामागे गेली. माझ्या दाढा शिवशिवल्या. मालकिणीनं हळूच चष्मा डोळ्यांवर चढवला, जणू त्यानं कमी ऐकू येणार होतं. आणि बाबा! त्यांचा चेहरा दिवाणखान्यात दिवा लावावा तसा उजळला.

"वा! हे बोलतं," ते म्हणाले. "किती वर्षांनी वरची तार अशी ऐकली!"

चौथं तपकिरी, वापरलेलं, कडा झिजलेल्या, खालच्या बाजूला जुन्या दुरुस्तीची बारीक रेघ. बाबांनी ते वाजवलं आणि सासूबाई खिडकीजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या त्या सरळ झाल्या. मऊ, भरलेला आवाज. वरची तारसुद्धा कुणाला न दुखावता वर जाणारी. मालकिणीचे डोळे अर्धवट मिटले.

"हे मुकं आहे," बाबा म्हणाले आणि खाली ठेवलं. "लाल द्या."

पाकीट टेबलावर आलं. आता बोलायला हवं होतं. आता नाही बोलले तर दोन वर्षांची पायपीट त्या लाल किंचाळीत जाणार, उद्या मास्तर त्यांना थांबायला सांगणार, आणि सोमवारपासून आमच्या घरात एक म्हातारा नुसता मांडीवर गाठी मारत बसणार. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून काय निघालं?

"बाबा, रंग जरा भडक नाही वाटत?"

"मला वाजवायचंय, सूनबाई. भिंतीला लावायचं नाहीये."

माझी मलाच लाज वाटली. दिवसभर खिडकीवर वटवट करणारी मी, आणि कामाच्या वेळी रंगावर घसरले. मालकीण पाकिटाला हात लावेना. ती शहाणी होती, पण तिनं तरी परक्या माणसाला काय सांगावं?

तेवढ्यात बाबांची नजर खिडकीकडे गेली. सासूबाई ओठांनी बोलत होत्या.

"ते घेऊ नकोस. किंचाळतं ते."

बाबांचे ओठ हलले. "मला चांगलं ऐकू येतं."

"नाही येत. वरची तार तुला ऐकू येत नाही. सात वर्षं झाली."

दुकानात काहीच आवाज नव्हता. मालकिणीला दिसत होते दोन म्हातारे, तोंडं हलवत एकमेकांकडे बघणारे. तिला वाटलं असेल, काहीतरी चघळत आहेत. मी मात्र खुंटीला टांगल्यासारखी उभी होते. बाबांचा चेहरा पाहवेना. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हिशेब लागल्यासारखे बघत होते. घंटा, किटली, चिमण्या, सगळं एकेक त्यांना आठवत असावं.

"सगळ्यांना माहीत आहे?" त्यांनी ओठांनी विचारलं.

सासूबाईंनी होकाराची मान हलवली.

"सुनेलाही?"

आणि मी, मूर्खासारखी, "हो" म्हणाले. मोठ्यानं.

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

"तुला हे कळतं?" बाबांनी विचारलं. आता त्यांच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे भिंतीवरच्या तारा झणझणल्या.

"हो बाबा."

"कधीपासून?"

"अकरा वर्षं झाली."

सासूबाईंनी पदरानं वगैरे नाही, सरळ दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "म्हणजे तुझ्या माहेरच्या माणसांबद्दल आम्ही जे..."

"सगळं," मी म्हणाले. "माझ्या भावाच्या टकलाबद्दलसुद्धा."

बाबांना हसू फुटलं. मनात नसताना फुटलं, त्यांनी ते दाबायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग तसेच हसत हसत ते स्टुलावर बसले आणि हसणं संपलं तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते.

"मग मी वाजवतो कशाला?" ते म्हणाले. त्यांच्या आयुष्यात मी ऐकलेलं हे पहिलं हळू वाक्य. "इतकी वर्षं लोक माझ्यामुळे दात आवळून बसतात, आणि मला वाटतं मी वाजवतोय."

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू? सात वर्षं आपण या माणसाची काळजी घेतली असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात आम्ही दोघींनी त्याला भर सभेत एकटं बसवलं होतं.

सासूबाई उठल्या. त्यांना रडण्याबिडण्याची सवय नाही. त्यांनी मालकिणीला सांगितलं, "बाई, ते तपकिरी घ्या आणि फक्त वरची तार वाजवा." मग बाबांकडे वळल्या. "अहो, माग बिघडला की तुम्ही काय करायचात? कान लावायचात?"

"त्या गोंगाटात कान कसला लावतेस! हात ठेवायचो."

"मग ठेवा."

कारखान्यातले जुने लोक असंच करायचे. मागाच्या चौकटीवर तळवा टेकवायचा, आणि कुठे काय खटकतंय ते हाताला कळायचं. मालकिणीनं वाजवायला घेतलं आणि बाबांनी व्हायोलिनच्या पाठीवर चार बोटं टेकवली. बराच वेळ तशीच ठेवली. मग म्हणाले, "आता लाल."

लाल वाजलं. त्यांनी बोटं ठेवली आणि झटकन काढली. "ह्याचा कुठेतरी नट ढिला आहे."

"व्हायोलिनमध्ये नट नसतात हो," मालकीण म्हणाली.

"मग जे काय असतं ते ढिलं आहे."

मालकिणीनं आतून बाहेरून पाहिलं, काही ढिलं नव्हतं. ते लाकूडच तसं होतं, वचवचणारं. पण बाबांनी ऐकून घेतलं नाही, आणि तपकिरी पुन्हा मागितलं. या वेळी स्वतः हनुवटीखाली धरलं. गज वरच्या तारेवर ठेवला. सवयीनं दाबला, तशी समोरून सासूबाईंचे ओठ हलले, "दाबू नकोस." त्यांनी हात सैल केला. "अजून सैल." अजून सैल केला. आणि तो आवाज आला, स्वच्छ, कुठेही न खरचटणारा, त्या सरसाच्या वासाच्या खोलीत.

"आता?" बाबांनी विचारलं.

"आता छान," सासूबाई म्हणाल्या. हे त्यांनी आवाजात म्हटलं.

"मला तर जवळजवळ काहीच नाही आलं ऐकू. फक्त जबड्यात जरा गुणगुणलं."

"तेवढंच धरून चालायचं."

बाबा विचार करत राहिले. गज हातात, व्हायोलिन गळ्याशी. मी मनात म्हटलं, हा माणूस आता ते खाली ठेवणार आणि आपण रिकाम्या हातानं घरी जाणार. जे आपल्याला ऐकूच येत नाही त्यासाठी कोण पैसे मोजेल? शेवटी त्यांनी पाकीट उचललं आणि मालकिणीच्या हातात दिलं. "मुकं द्या," म्हणाले.

मुकं पाकिटापेक्षा थोडं महाग होतं. मालकिणीनं जुन्याच्या खुंट्या आणि तारा ठेवून घेतल्या आणि गणित बसवलं. नव्या पेटीचं काही जमेना, तेव्हा जुन्याच पेटीत नवं घातलं. बसचे पैसेही उरले नाहीत. आम्ही चालत घरी आलो. वाटेत तिघंही भरपूर बोललो, कारण आता लपवायला काहीच राहिलं नव्हतं. सासूबाईंनी माझ्या चहाबद्दल जे काही उरलं होतं ते तोंडावर सांगून टाकलं. बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी आणि सासूबाई दोघीही वाचनालयात गेलो, एरवी जात नाही. मास्तरांनी टेबलावर छडी आपटली आणि सगळे सरसावले. बाबा उठून उभे राहिले.

"मास्तर," ते म्हणाले, आणि पुस्तकांच्या कपाटाच्या काचा वाजल्या. "मला वरची तार ऐकू येत नाही. आत्तापर्यंत मलाच माहीत नव्हतं. जोरात झाली तर मला सांगा, मी हळू करीन. तरी नाही जमलं तर जा म्हणा. मनाला लावून घेणार नाही."

 मग गुडघ्यांत वाद्य धरलेली ती जाडजूड बाई म्हणाली, "मला डाव्या कानानं चार वर्षं काही ऐकू येत नाही. म्हणून तर मी या टोकाला बसते." शिंपी हसला. मास्तरांनी चष्मा काढून पुसला, खरं तर तो स्वच्छच होता. "बसा," म्हणाले. "सुरू करू."

मी वाजवणाऱ्यांतली नाही. कुठलं स्वरलेखन काय सांगतं ते मला कळत नाही. मी फक्त दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसऱ्या माणसाचा उजवा हात बघत होते. वरच्या तारेवर आला की तो हात हलका व्हायचा, झोपलेल्या मुलावरून पांघरूण ओढावं इतका हलका. मी कान टवकारून बसले होते. आता किंचाळेल, मग किंचाळेल. अख्खं वाजवणं संपलं. मास्तरांनी छडी खाली ठेवली, बाबांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी साडेनऊ म्हणजे साडेनऊ. उशीर चालणार नाही."

बाहेर पायऱ्यांवर बाबांनी मला गाठलं. सासूबाईंना नाही, मला. त्यांना माहीत होतं, बायको प्रेमापोटी खोटं बोलेल आणि सून तोंडाची फटकळ आहे.

"खरं सांग," ते म्हणाले. "वरची तार कशी ऐकू आली?"

मी पुष्कळ आठवून पाहिलं. गोड म्हणावी का? स्वच्छ म्हणावी? तसं म्हणता येईना, कारण तसं काही झालंच नव्हतं.

"बाबा, वेगळी अशी ऐकूच आली नाही," मी म्हणाले. "सगळ्यांबरोबरच होती."

ते पायरीवर थबकले. पेटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मलाही नाही आली," ते म्हणाले. "म्हणजे आज तुला आणि मला सारखंच ऐकू आलं."